वही की टॅब? आधी ठरवू, नोट्स कुणासाठी

नवं सत्र सुरू झालं की मानसगंगोत्रीत, म्हणजे म्हैसूर विद्यापीठाच्या आवारात, मराठी बोलणारी चार-दोन नवी मुलं भेटतातच. कुणी निपाणीचं, कुणी खानापूरचं, कुणी अक्कलकोटकडचं. यंदा खानापूर तालुक्यातून एम.ए.ला आलेल्या एका मुलीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, “ताई, टॅब घेऊ का? वर्गात निम्म्या जणांकडे आहे. पेनाने स्क्रीनवरच लिहितात. आई म्हणते, बचत गटातून उचल घेते.”

मी म्हणाले, “थांब जरा. महिनाभर वहीत लिही, मग बघू.”

उत्तर दिलं, पण रात्री ते मलाच पुरेसं वाटेना. बचत गटाची उचल म्हणजे व्याजासकट दर महिन्याचा हप्ता. तो कशातून फेडला जाणार हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. घरात कॉलेजला गेलेलं कुणी नसलं की असा प्रश्न विचारायला माणूस सापडत नाही, आणि चुकीच्या उत्तराची किंमत सगळं घर मोजतं. म्हणून हे जरा सविस्तर.

या प्रश्नाचं तयार उत्तर सगळीकडे सांगितलं जातं: हाताने लिहा, जास्त लक्षात राहतं. त्यामागे बहुतेक वेळा २०१४ सालचा एक अभ्यास असतो. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना व्याख्यानं दाखवली. काहींनी लॅपटॉपवर नोट्स घेतल्या, काहींनी वहीत. माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट जवळपास सारखे ठरले. संकल्पनेच्या प्रश्नांत वहीवाले पुढे गेले. लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त उतरवले होते, पण वक्त्याचे जसेच्या तसे. वहीवाल्यांचा हात तेवढा चालत नव्हता, म्हणून त्यांना निवडावं लागलं, आणि निवडताना विचार करावा लागला, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला. लॅपटॉपवर शब्द जास्त उतरतात हे पुन्हा दिसलं. परीक्षेतला फरक मात्र तसा ठाम दिसला नाही. २०२४ मध्ये नॉर्वेतल्या एका अभ्यासाच्या बातम्या झाल्या. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला संवेदक लावून संशोधकांनी दाखवलं की हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधला संपर्क टायपिंगपेक्षा जास्त असतो. पण त्या प्रयोगात कुणी व्याख्यान ऐकत नव्हतं. पडद्यावर आलेला एकेक शब्द लिहायचा होता, टाइप करताना एकच बोट वापरायचं होतं, आणि हाताने लिहिणंसुद्धा स्क्रीनवर डिजिटल पेनानेच होतं. तेव्हा विज्ञानाने वहीच्या बाजूने निकाल दिला आहे, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याला हे विचारा.

माझा आक्षेप आणखी आधीच्या पायरीवर आहे. “शब्दशः उतरवू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा” हा सल्ला एक गोष्ट गृहीत धरतो: ऐकताना तुम्हाला कळतंय. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्याला व्याख्यानाची भाषा आईकडूनच मिळालेली असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या कानावर पहिल्या तासाला ‘सोशल क्लोजर’ पडतं. ते म्हणजे काय हे डोक्यात फिरवेपर्यंत सर दोन वाक्यं पुढे गेलेले असतात. मग एक कन्नड विनोद होतो, वर्ग हसतो, आणि हिचा धागा तुटतो. हिने “स्वतःच्या शब्दांत” लिहायचं तर कोणत्या भाषेतल्या?

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी जे कानावर पडेल ते उतरवत होते. स्पेलिंग चुकलेलं, वाक्यं अर्धवट. रात्री शब्दकोश घेऊन एकेक ओळ सोडवायची. त्याला कुणी घोकंपट्टी म्हटलं असतं. आमच्या घरी रेशनचं धान्य यायचं ते आधी सुपात घेऊन निवडावं लागायचं. दुकानात उभं राहून कुणी निवडत नाही. तिथे पिशवी भरून घ्यायची असते. माझ्या शब्दशः नोट्स म्हणजे ती पिशवी होती. तेव्हा ज्याला तासाची भाषा अजून पुरती कळत नाही, त्याने सगळं उतरवलं, फळ्याचा फोटो काढला, परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित केला, तर त्याला आळशी म्हणू नका. मात्र ती पिशवी रात्री उघडली पाहिजे. न उघडलेले तीनशे फोटो आणि चाळीस ध्वनिफिती हा अभ्यास नव्हे.

१९७२ मध्ये डी व्हेस्टा आणि ग्रे या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नोट्सची दोन कामं वेगळी करून दाखवली होती. एक काम लिहिता लिहिता होतं: डोक्यात उतरणं. दुसरं लिहून झाल्यावर: साठा, ज्याच्याकडे पुन्हा जाता येतं. वही-टॅबचा बहुतेक वाद पहिल्या कामाभोवती फिरतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत त्यांचा साठा इतरत्रही असतो. काकांचं कपाट असतं, त्याच विषयातली मावसबहीण असते, फोन करून शंका विचारता येईल असा प्राध्यापक ओळखीचा असतो. आपल्याकडे तास आणि परीक्षा यांच्यामध्ये फक्त ती वही असते. ती हरवली की सगळंच हरवतं. म्हणून साठ्याचा विचार आपण जास्त केला पाहिजे.

साठा हरवण्याची समाजशास्त्रातली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हैसूरशीच जोडलेली आहे. एम. एन. श्रीनिवास म्हैसूरचे, जन्म १९१६. ‘संस्कृतीकरण’ ही त्यांची संकल्पना आपण सगळे परीक्षेत लिहितो. १९४८ मध्ये त्यांनी म्हैसूरजवळच्या एका गावात राहून क्षेत्रकार्य केलं. पुस्तकात त्या गावाला ‘रामपुरा’ असं नाव दिलं. त्या नोंदींवर त्यांनी अठरा वर्षं काम केलं. एप्रिल १९७० मध्ये ते कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या एका अभ्यासकेंद्रात होते. तिथे कुणीतरी जाणूनबुजून आग लावली आणि त्या संस्कारित नोंदींच्या तिन्ही प्रती जळाल्या. तीन प्रती होत्या, पण तिन्ही एकाच खोलीत. मग सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी गाव आठवून लिहायला घेतलं आणि १९७६ मध्ये ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ आलं. आज ते भारतीय समाजशास्त्रातलं अभिजात पुस्तक मानलं जातं.

ही गोष्ट वर्गात धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण त्याच पुस्तकात श्रीनिवास एक कबुली देतात: आपण ब्राह्मण, मुक्काम गावच्या पुढाऱ्याच्या आश्रयाने, त्यामुळे अस्पृश्य वस्तीशी आपला संबंध मर्यादितच राहिला. म्हणजे जे जळलं त्यातही ती वस्ती थोडीच होती, आणि जे आठवलं त्यातही थोडीच. त्या वस्तीतल्या माणसाच्या हातात तेव्हा वही असती तर रामपुऱ्याची दुसरी आठवण उरली असती.

आणखी एक प्रश्न मला या पुस्तकाशी सोडत नाही. प्रस्थापित प्राध्यापकाने नोंदी नसताना आठवणीतून लिहिलं, तर ते अभिजात ठरलं. माझ्या वस्तीतली मुलगी सेमिनारमध्ये म्हणते, “आमच्याकडे पाणवठ्यावर असं व्हायचं,” तेव्हा तिला विचारतात, “याला संदर्भ काय? हा तर वैयक्तिक अनुभव झाला.” आपल्या आठवणीला अजून आठवण म्हणून मान नाही. तिला तारीख, ठिकाण आणि लेखी नोंद लागते. आपण नोट्स घ्यायच्या त्या एवढ्यासाठीही. फक्त सर काय म्हणाले याच्या नाही. सर बोलत असताना आपल्याला जे आठवलं त्याच्याही.

म्हणून लेखणीचं फार गोड चित्र रंगवण्यात मला रस नाही. लेखणी आपल्या बाजूची कधी नव्हती. दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास आहे, अक्षर कसं घोटावं याचा बारकाईने उपदेश आहे. तो उपदेश ब्राह्मणाला उद्देशून आहे. गावात लेखणी कुळकर्ण्याच्या हाती होती, आणि कुणाच्या नावावर किती जमीन हे त्याच्या दप्तरात ठरायचं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, त्यामागे हेच दप्तर होतं. आपल्याकडची लेखणी वेगळ्या वाटेने आली. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला; ती तेव्हा चौदा वर्षांची होती. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलं. अक्षर वळणदार आहे का हे यांना कुणी विचारलं असतं तर आपल्याला काय वाचायला मिळालं असतं? तुमचं अक्षर वाईट आहे म्हणून वही लपवत असाल तर लपवू नका.

स्क्रीनही निरागस नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, संगणक असलेली घरं शहरांत २३.४ टक्के होती आणि खेड्यांत ४.४ टक्के. त्यानंतर दोनच वर्षांनी टाळेबंदी आली आणि सगळा वर्ग स्क्रीनवर गेला. खेड्यातल्या मुलांनी पदवीचे तास फोनवर, रेंज शोधत, गच्चीवर बसून केले. तो फोन अजून आपल्यासोबत आहे, आणि वर्गात त्याच्याकडे कसं बघितलं जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या बाकावरचा मुलगा फोनवर नोट्स टाइप करत असेल तर त्याला “फोन आत ठेव” म्हणतात. पुढच्या बाकावर महागड्या लॅपटॉपवर कुणी क्रिकेटचा स्कोअर बघत असेल तरी तो अभ्यासू दिसतो. यंत्र बदललं की तीच कृती शिस्त ठरते किंवा बेशिस्त. टॅब घ्यावासा वाटतो त्यात हेही असतं. नोट्सपेक्षा त्या नजरेतून सुटका हवी असते. ते समजून घेऊन मगच पैसे खर्च करावेत.

भाषेचा मुद्दा तर रोजचा आहे. माझ्या वहीत एका ओळीत ‘एंडोगॅमी’ रोमन लिपीत असतं, शेजारी ‘बेटीव्यवहार’, खाली वर्गात ऐकलेला कन्नड शब्द देवनागरीत, आणि एक बाण बाबासाहेबांच्या १९१६ च्या जातीवरील निबंधाकडे. हाताला हे सगळं एका दमात जमतं. कीबोर्डवर दर शब्दाला भाषा बदलावी लागते, म्हणून हळूहळू मराठी गळते आणि नुसती इंग्रजी उरते. ज्या भाषेत आपण विचार करतो तीच नोट्समधून गेली तर स्वतःचं मत कुठे लिहिणार? त्यात जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली आज उघडल्या की अक्षरांची भेळ दिसते. त्यामुळे टाइप करायचंच तर युनिकोडमध्ये करा.

पण कागद अमर नाही हेही आपल्याला बाबासाहेबांच्याच आयुष्यात दिसतं. १९१७ मध्ये ते लंडनहून परतले तेव्हा त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या बोटीने पाठवला होता. महायुद्ध चालू होतं. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि पोट मारून जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. पुढे दिल्लीतल्या अखेरच्या वर्षांत बाबासाहेब हाताने लिहीत आणि नानकचंद रत्तू नोकरी सांभाळून संध्याकाळी येऊन ते टाइप करत. आज आपण जे वाचतो त्यात रत्तूंच्या बोटांचाही वाटा आहे. हाताने विचार करायचा आणि यंत्राने प्रत जपायची, ही विभागणी आपल्याकडे तेव्हापासून आहे. माझा स्वतःचा फोन एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात बसच्या गर्दीत गेला. चार महिन्यांचे फळ्याचे फोटो त्यातच होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. श्रीनिवासांच्या तीन प्रती एका खोलीत होत्या, माझी एकच प्रत एका खिशात.

तेव्हा माझं मत असं. टॅबसाठी कर्ज काढू नका. तासाला हाताशी जे आहे त्याने साठा भरा, वही असो वा फोन. त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी, त्या तासाचं अर्धं पान हाताने लिहा. त्यात तीन गोष्टी असू द्या. तासाचा मुख्य मुद्दा काय होता. तो आईला सांगायचा झाला तर मराठीत कसा सांगाल. आणि समासात: माझ्या गावात, माझ्या गल्लीत हे असंच दिसतं का, की वेगळं? तिसरी गोष्ट कुठल्याही पीडीएफमध्ये मिळणार नाही. हल्ली ध्वनिफीत दिली की अॅप दोन मिनिटांत सारांश काढून देतं. शब्द सोडवायला त्याचा उपयोग जरूर करा. पण तो सारांश इतका गुळगुळीत असतो की न कळलेलंही कळल्यासारखं वाटतं, आणि तुमची शंका त्यात नसते. मग त्या अर्ध्या पानाचा फोनने फोटो काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. सत्र परीक्षेत तीन तास हातानेच लिहायचं आहे, त्याचा सरावही यात होतो. टायपिंगही शिका, कारण नेट संगणकावर द्यावी लागते आणि प्रबंध कीबोर्डवरच लिहावा लागतो. मात्र त्यासाठी विभागातला किंवा ग्रंथालयातला संगणक पुरतो. ज्यांचा हात किंवा डोळे साथ देत नाहीत त्यांनी यंत्र वापरावं, आणि त्यांच्याकडे कुणी त्याचं कारण मागू नये.

याच्यापलीकडची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नाही. नोट्स जातीच्या वाटांनीही फिरतात. हॉस्टेलच्या कोणत्या खोलीत तुम्ही बसता-उठता, कोणाचे सीनियर कोणाच्या ओळखीचे, यावर चांगली वही कुणाला मिळणार ते ठरतं. आपण मागायला गेलो की “वही घरी राहिली” असं ऐकू येतं. आपली सार्वजनिक वही कायम झेरॉक्सच्या दुकानात राहिली आहे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सवाल्यावर दावा लावला, तेव्हा विद्यार्थी आणि शिक्षक न्यायालयात त्याच्या बाजूने उभे राहिले. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. अपिलातही शिकवण्यासाठी प्रती काढण्याचं तत्त्व टिकलं आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. तो लढा महागड्या पुस्तकांचा होता, पण धडा आपल्या वह्यांनाही लागू आहे: वाटून घेतलेलं ज्ञान ही चोरी नाही.

विभागांकडे आपण तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. तासाच्या आधी वाचनाची यादी आणि स्लाइड सगळ्यांना मिळाव्यात. विचारून ध्वनिमुद्रण करणाऱ्याला नकार मिळू नये. आणि ग्रंथालयात एक स्कॅनर असावा, रांग न लावता वापरता येईल असा. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. वर्गातला प्रत्येक जण तासाची भाषा घरून घेऊन आलेला नाही, एवढं मान्य करावं लागतं.

खानापूरच्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे टॅब नको?” मी म्हणाले, “आईच्या उचलीचा नको. शिष्यवृत्ती आली आणि मेस, भाडं, प्रवास भागून काही उरलं, तर तुझं तू ठरव.” आता आम्ही चौघीजणी शनिवारी कँटीनमध्ये बसतो. प्रत्येकीने आठवड्याची अर्धी पानं आणायची आणि एकमेकींची वाचायची. इंग्रजी संज्ञांना मराठी-कन्नड शब्द शोधून एका सामायिक फाइलमध्ये टाकायचे. मागच्या शनिवारी ‘सोशल क्लोजर’वर अडलो होतो. एकजण म्हणाली, “आमच्याकडे याला ‘वाळीत टाकणं’ म्हणतात.” दुसरी म्हणाली, “नाही, वाळीत आपल्यातल्याला टाकतात. हे म्हणजे दारच लावून घेणं.” दोघींनी आपापल्या गावचं उदाहरण दिलं आणि दोन्ही उदाहरणं वहीत गेली. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलीला ती फाइल पहिल्याच दिवशी मिळेल. तुमच्या विद्यापीठात अशी फाइल नसेल तर या शनिवारी सुरू करा.

जय भीम.